गाडीची बॅटरी जास्त वर्षं टिकवायची तर

चार दिवस उभी असलेली गाडी स्टार्ट करायला गेलो आणि नुसतं 'टक्' झालं, की आपण म्हणतो बॅटरी जुनी झाली. खरं तर गाडीतली नेहमीची लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची) बॅटरी अर्धवट चार्ज राहून राहून अकाली मरते. ती उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लवकर चार्ज केली तर ते निघून जातं; तशीच पडू दिली तर त्याचे कडक कण होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा वाया जातो.

म्हणून आधी व्होल्टेज बघायची सवय लावा. गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी स्टार्ट करण्याआधी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलना, म्हणजे केबल जोडलेल्या दोन टोकांना, लावा. 12.6 च्या पुढे म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. 12.4 च्या खाली आकडा दिसला की चार्जर लावाच, टाळाटाळ करू नका. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. (काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर केला जातो.) 13 सुद्धा येत नसतील तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

रोज पाच मिनिटांच्याच फेऱ्या होत असतील तर स्टार्टरने ओढलेला करंट पुरता भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसते ना, ती साफ करताना हातमोजे आणि चष्मा घाला. इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह केबल काढा, मग पॉझिटिव्ह. पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही, ती याच क्रमामुळे. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा. फेस यायचा थांबला की ॲसिड संपलं. हे पाणी झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नका. पुसून, कोरडं करून आधी पॉझिटिव्ह जोडा, शेवटी निगेटिव्ह, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. बॅटरी हलत असेल तर तिचा क्लॅम्पही आवळा. हादऱ्यांनी प्लेटा झडतात.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा, उन्हाळ्यात जरा लवकर. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणीच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच पाणी घालून चार्ज करा, आणि खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी, सिगारेट नको आणि जागा हवेशीर हवी.

गाडी महिनाभर बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, एवढंच.