मिश्रधातूच्या कोटिंगचा पेटंट दावा ‘सहज सुचण्याजोगा’ आहे का, हे कसं ठरवावं

आधी तारीख पाहा. दाव्याच्या प्रायॉरिटी डेटनंतर (ज्या तारखेपासून दाव्याचा अग्रहक्क मोजतात, तिच्यानंतर) छापलेलं सगळं बाजूला ठेवा. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) नुसार तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व लागतंच, शिवाय त्या कामातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी लागते. बाजारात माल खपतो एवढ्यावर दुसरी अट पुरी होत नाही.

समजा दावा असा आहे: पोलादी पत्र्यावर हॉट-डिप कोटिंग (वितळलेल्या धातूच्या बाथमध्ये पत्रा बुडवून दिलेला थर), अॅल्युमिनियम 5–7%, मॅग्नेशियम 3.2–4%, सिलिकॉन 0.1% पर्यंत, बाकी जस्त. ‘पर्यंत’मध्ये शून्यही येतं, म्हणून सिलिकॉन नसलेले जुने बाथही विचारात घ्या. टक्के वजनाचे की अणूंचे, हेही तपासा. वजनाने 6% अॅल्युमिनियम, 3% मॅग्नेशियम आणि 91% जस्त असेल, तर मॅग्नेशियमचे अणू सुमारे 7.1% भरतात. इथे गफलत झाली की पुढचं सगळं विश्लेषण वाया.

जुन्या कागदातलं (आधी छापलेल्या पेटंटमधलं किंवा लेखातलं) एखादं प्रत्यक्ष उदाहरण दाव्याच्या मर्यादेत बसलं, तर नावीन्यच गेलं, तिथेच थांबा. पण त्यातलं उदाहरण 6/3 चं (6% अॅल्युमिनियम, 3% मॅग्नेशियम) आणि मॅग्नेशियमची सांगितलेली मर्यादा 1–4% असेल, तर खरा प्रश्न उरतो: 3.2% पासून अनपेक्षित असं काय घडतं? मॅग्नेशियम वाढवलं की गंज लांबतो हे जुन्या कागदातच असेल, तर प्रमाण थोडं वर सरकवणं ही नेहमीची चाचपणी झाली.

आता अर्जातला डेटा. गंजरोधाची तुलना शुद्ध जस्ताशी केलेली असेल तर ती बाजूला सारा. तुलना जवळात जवळच्या 6/3 शी हवी. पत्रा तोच, थंड करण्याचा वेग तोच, कोटिंगचं वजनही तेच (उदा. दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम प्रति चौ. मी.). जाड थर सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीत) तसाही जास्त टिकतो. त्याचं श्रेय मिश्रणाला देता येत नाही. शिवाय फक्त 3.5% चा एक नमुना अख्ख्या मर्यादेसाठी पुरत नाही. 3.2, 4 आणि मर्यादेबाहेरचा 3.0 असे आकडे मागा.

दोन कागद जोडायचे तर जोडण्याचं कारण दाखवा. 55% अॅल्युमिनियमच्या गॅल्व्हल्यूममध्ये (बाजारात रुळलेल्या एका जुन्या कोटिंगमध्ये) साधारण 1.6% सिलिकॉन असतं, कारण एरवी लोखंड-अॅल्युमिनियमची प्रक्रिया अनावर होऊन ठिसूळ थर वाढतो. 6% च्या बाथमध्ये तीच अडचण येते का, हे दाखवल्याशिवाय सिलिकॉन तिथून उचलणं म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणं. उलट, ‘मॅग्नेशियममुळे बाथवर मळी वाढते’ एवढं वाक्य जाणकाराला त्या वाटेपासून परावृत्त करत नाही. मळी काढायची सवय त्याला असतेच.

मुख्य दावा पडला तरी अवलंबून असलेले दावे आपोआप पडत नाहीत. त्यांतली प्रत्येक जादा अट घेऊन हीच तपासणी पुन्हा करा.