रीफ टँकमध्ये रोज गोडं पाणी घाला
उन्हाळ्यात रीफ टँकचं, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं, पाणी २७ अंश सेल्सिअसवर सरकलं की आपण वरून पंखा लावतो. कोरलना गारवा मिळतो खरा, पण पाण्याची वाफही झपाट्याने होते. मीठ मात्र मागेच राहतं आणि खारटपणा गुपचूप चढतो. ही तूट खाऱ्या पाण्याने भरायची नाही. आरओ-डीआय फिल्टरने क्षार काढून शुद्ध केलेलं गोडं पाणीच घाला, तेही रोज थोडं थोडं. आठवड्याचं एकदम ओतलंत तर कोरल अंग चोरून बसतात. संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यावर मार्करने रेघ मारा, पातळी तिच्याखाली गेली की भर घाला. खारटपणा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास हवा. आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्याच द्रावणाने तपासा. साध्या पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे ३५ चा आकडाही बरोबर असेलच असं नाही.