टू-स्ट्रोक इंजिन: पावसाळ्यानंतर नवा पिस्टन आणि रन-इन

गोव्याच्या लाल मातीची धूळ एअर फिल्टरच्या फटीतून शिरली की पिस्टनचा घास घेते. म्हणून सुट्या भागांच्या यादीत फिल्टरचा फोम आणि कार्ब्युरेटरचा रबर जॉइंट आधी लिहा, पिस्टन नंतर.

सिलिंडर उतरवताच क्रँककेसचं तोंड स्वच्छ फडक्याने झाका. आत पडलेली सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची कडी) काढताना अख्खं इंजिन खोलावं लागतं. पावसाळाभर उभ्या गाडीच्या सिलिंडरला आतून गंज धरतो. ओरखडे नखाला लागत असतील तर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन आणून सिलिंडर त्याच्या मापाने बोअर (आतून मोठा) करून घ्या. रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) तिच्या दोन टोकांमधली फट मोजा: ५० मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.२ मिमी. कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोकं भिडतात आणि सिलिंडर ओरबाडतो. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. सर्क्लिप नव्याच घाला, जुन्या वापरणं ही फुकटची काटकसर. हेडचे नट कर्णरेषेत समोरासमोरचे, आलटूनपालटून आवळा.

ऑइल पंप नसलेल्या गाडीला पेट्रोलच्या लिटरमागे ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). तीनदा दोन-तीन मिनिटं चालवून पूर्ण थंड करा, मग नट पुन्हा तपासा. मग रन-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत जपून चालवणं: पहिली टाकी अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण एकाच वेगाने नको. चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल मिटून गिअरवर गाडी रोखू नका: पेट्रोल थांबलं की त्यातलं ऑइलही थांबतं. प्लग पांढरा दिसला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, तिथेच थांबा.