वार्डो: पक्ष्यांसाठी आणि इतिहासासाठी

नॉर्वेच्या ईशान्य टोकावरील वार्डो या बेटावरच्या छोट्या शहरात जायचे असल्यास एप्रिल ते जुलैचा आरंभ हा काळ निवडावा, कारण ऑगस्टमध्ये शेजारच्या होर्नोया बेटावरून पफिन हे समुद्रपक्षी खुल्या समुद्रात निघून जातात आणि कडे ओस पडू लागतात. बंदरातून होडी काही मिनिटांत तिथे पोचते; मात्र वाऱ्यामुळे फेरी रद्द होऊ शकते, म्हणून मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. आखलेली पायवाट सोडू नये. टोपी मात्र हवीच, कारण डोक्यावर हजारो पक्षी असतात!

वार्डोतील स्टाइलनेसेट स्मारकासाठी निवांत वेळ राखावा. सतराव्या शतकात चेटुकाच्या आरोपावरून प्राण गमावलेल्या ९१ स्त्री-पुरुषांपैकी प्रत्येकासाठी तेथील लांबलचक, अंधाऱ्या मार्गिकेत एक खिडकी, एक दिवा आणि आरोपांची हकिगत सांगणारा रेशमी फलक आहे.