ऑपरेशन डॉक्टर करतात, वाट घरचे लावतात: मांजर-कुत्र्यांच्या नसबंदीत या चुका टाळा

डॉक्टरांच्या दृष्टीने नसबंदी हे रोजचं काम असतं. बिघडतं ते आदल्या रात्री आणि नंतरच्या दहा-बारा दिवसांत, तेही आपल्या घरी. बिघडवणाऱ्यांचा जनावरावर जीव असतो, हीच तर पंचाईत. आमच्या सोसायटीत कुणाची मांजर दवाखान्यात न्यायची असली की मला हाक येते. त्याच त्या चुका बघून आता डोकं फिरतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

"एवढंसं दूध दिलं, त्याने काय होतंय?"

होतं. भुलेखाली गिळण्याचं भान राहत नाही. पोटात अन्न असलं तर ते उलटून घशात येतं आणि श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, कधी जीवही जातो. म्हणून मोठ्या जनावराला साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवायला सांगतात. पाणी बहुतेक वेळा सकाळपर्यंत चालतं. लहान पिल्लाचं गणित वेगळं असतं. त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, त्यामुळे ३-४ तासच सांगतात. आकडा आपल्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मैत्रिणीला नको.

उपास मोडतो तो ज्याला काही सांगितलेलं नाही त्याच्या हातून. पहाटे आजी उठतात, मांजर पायात घोटाळते, "बिचारी उपाशी आहे" म्हणून बशीत दूध पडतं. कुत्रा असेल तर नातवाच्या हातातलं बिस्किट. मग दवाखान्यात सगळे सरळ चेहऱ्याने "हो हो, उपाशीच आहे" म्हणतात. अहो, खाल्लं असेल तर सांगून टाका. फार तर तारीख पुढे जाईल. भूल देणाऱ्याशी खोटं बोलण्यात कसली अब्रू वाचते?

माझी पद्धत साधी आहे. रात्री फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, सगळ्या वाट्या-ताटल्या उचलून ओट्यावर आणि मांजर बेडरूममध्ये बंद. बाहेर हिंडणारी असेल तर आदल्या संध्याकाळपासूनच आत. नाहीतर ती शेजारी जाऊन मासळीचं डोकं खाऊन येते आणि तुम्ही शपथेवर सांगता की काही दिलं नाही.

घाई आणि चालढकल

भाटी, म्हणजे मादी मांजर, माजावर आली, रात्रभर ओरडली, की सकाळी फोन: "आजच्या आज करून टाकू." इतके महिने काय करत होतात? मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि पोटुशी राहिली की ६३-६५ दिवसांत पिल्लं. माजावर असताना गर्भाशयाकडच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. मांजरीचं काही डॉक्टर तरीही करतात, कुत्रीला मात्र बहुतेक जण माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला लावतात. तेवढे दिवस तिला घरात सांभाळा. औषधाच्या दुकानातून माज थांबवायच्या गोळ्या आणून देणारे महाभाग भेटतात. त्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. या एका शॉर्टकटसाठी माझ्याकडे सहानुभूती शिल्लक नाही.

"एकदा तरी आई होऊ दे" यालाही वैद्यकीय आधार नाही. उलट कुत्रीचं ऑपरेशन लवकर झालं तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका कमी राहतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत मात्र सांध्यांचा विचार करून डॉक्टर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेव्हा तिथे वयाची चर्चा नीट करा.

पिल्लांना पाजणारी भाटी पुन्हा गाभण राहत नाही, असं समजू नका. राहते. पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत तिला बाहेर सोडू नका, मग न्या.

"रक्ततपासणी म्हणजे पैसे उकळायचे धंदे"

हे वाक्य मी एका कुत्रीच्या मालकांच्या तोंडून ऐकलं. कुत्री उड्या मारत होती, खात-पीत होती, अंगावर चार गोचिडी होत्या इतकंच. डॉक्टर अडून बसले म्हणून रक्त दिलं, तर प्लेटलेट्स पार तळाला. गोचीडताप आपल्याकडे इतका बोकाळलेला आहे की वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दडून असतो, आणि प्लेटलेट्स कमी असताना पोट उघडलं तर रक्त थांबता थांबत नाही. ऑपरेशन रद्द झालं, डॉक्सिसायक्लिनचा कोर्स झाला, पुन्हा रक्त तपासलं आणि मग टेबलावर घेतलं. मालकांनी डॉक्टरांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

लसी आधी पूर्ण करा. दवाखान्यात आजारी जनावरंही येतात.

मांजर पिशवीत किंवा ओढणीत गुंडाळून स्कूटरवर आणू नका. दवाखान्याच्या दारात सुटलेली मांजर पुन्हा हाती लागत नाही.

आणि शनिवारची वेळ घेऊ नका. मी नेहमी मंगळवारी-बुधवारी, सकाळचा पहिला नंबर धरते. कुरबुरी दुसऱ्या दिवशी सुरू होतात, आणि तो रविवार असला की बसा फोन फिरवत.

गळ्यातली कॉलर

मागच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या मांजरीचं ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या सकाळी मी सहज डोकावले, तर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती फनेलसारखी कॉलर टीव्हीवर ठेवलेली.

"काकू, कॉलर का काढलीत?"

"अगं, तिला त्यात धड खाता येईना. भिंतीला आपटत होती. रात्रभर अशी बघत होती माझ्याकडे! म्हटलं, जरा वेळ मोकळी सोडावी."

मांजरीची जीभ म्हणजे किसणी. त्या 'जरा वेळा'त तिने चाटून आणि ओढून बाहेरचे टाके उसवले होते, जखमेतून चरबी दिसत होती. वार अर्थातच रविवार. नेहमीचा दवाखाना बंद. स्वच्छ ओलं फडकं पोटाला धरून, रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. पुन्हा भूल, पुन्हा टाके, बिल पहिल्यापेक्षा मोठं. नशीब आतले टाके शाबूत होते. ते गेले असते तर आतडी बाहेर आली असती. परतीच्या वाटेवर काकू हळूच मला विचारतात, "आता रात्रीपुरती काढली तर चालेल का गं?"

नाही चालणार. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे आली पाहिजे, नाहीतर ती शोभेची. खाताना काढायचीच असेल तर समोर बसून काढा, खाणं झालं की लगेच घाला. मी पसरट बशी उलट्या वाटीवर ठेवते, मग कॉलरसकटही खाता येतं. जुन्या टी-शर्टच्या बाहीचा सदरा काही मांजरींना चालतो, पण तो रोज वर करून जखम बघायची. आणि हो, पहिला दिवस ती उलटी चालेल, सोफ्याखाली अडकेल, तुम्हाला शाप दिल्यासारखी बघेल. बघू दे.

घरगुती डॉक्टरकी

जखमेवर हळद नको, तेल नको, माणसांचं मलम नको. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजरीला ते विष आहे. कुत्र्याला आयबुप्रोफेन नाही. मांजरीची खोली फिनाईलने पुसू नका. ती पाय चाटते, ते पोटात जातं. टाके निघेपर्यंत अंघोळ नाही.

घरी आणल्यावर पहिले काही तास ती झोकांड्या खाते, डोळे उघडे ठेवून पडते. पलंगावर, खिडकीत ठेवू नका. जमिनीवर, उबेत, इतर मांजरींपासून लांब. नीट चालायला लागल्यावर आधी थोडं पाणी, मग थोडं खाणं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून रक्त ठिबकायला लागलं, घाण वास आला, किंवा दुसऱ्या दिवशीही तोंडाला काही लावेना, तर फोटो पाठवत बसू नका, घेऊन जा.

बोक्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्याच संध्याकाळी त्याला बिनऑपरेशनच्या बहिणीबरोबर सोडू नका. पुढचे चार-सहा आठवडे तो बाप होऊ शकतो.

खाणं नंतर थोडं कमी करा, नाहीतर वर्षभरात उशी होते.

काही महिन्यांनी भाटी पुन्हा ओरडायला, लोळायला, शेपटी बाजूला करायला लागली तर "ऑपरेशन फसवं होतं" म्हणून गावभर बोंब मारू नका. क्वचित अंडाशयाचा तुकडा आत राहतो. ती लक्षणं दिसत असतानाच तिचा व्हिडिओ काढा, जुने कागद घ्या आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा. हार्मोनची तपासणी किंवा सोनोग्राफी करून ते पुढचं सांगतील.