मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवता? स्वतःला ग्रुप ॲडमिन समजू नका

मॅस्टोडॉन म्हणजे कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं, एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांचं समाजमाध्यम. यवतमाळकडे दोन-चार पोट्टे मिळून त्याचा सर्व्हर टाकायचं ठरवतात, तेव्हा चर्चा होते ती भाड्याची आणि डोमेनची. कोणी भलतंच काही टाकलं तर काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं: "काई होत नाई भाऊ, हायकोर्टानं सांगितलं ना, ॲडमिन जबाबदार नसतो."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तो निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाचा, 1 मार्च 2021 चा, आणि प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. सदस्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर आक्षेपार्ह काही टाकलं, तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्ह्यात ओढता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. पण त्यामागचं कारण वाचा. ग्रुप ॲडमिन माणूस घेऊ शकतो, काढू शकतो. मजकुरावर त्याचा ताबा नसतो. तुमचा असतो. पोस्ट तुमच्या डिस्कवर आहे. ती पुसायचं, खातं सस्पेंड करायचं, परक्या सर्व्हरशी जोडणीच तोडायचं बटण तुमच्याकडे आहे. दुसऱ्यांचा मजकूर साठवून पोचवणारा म्हणून कायदा तुम्हाला 'मध्यस्थ' म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 79 तुम्हाला संरक्षण देतं, पण अटींवर.

त्या अटी 2021 च्या मध्यस्थ नियमांत आहेत. "आपली माणसं दीडशे, आपल्याला कोण विचारतं" असं म्हणून त्या सोडून देऊ नका. मुख्य अनुपालन अधिकारी नेमण्यासारख्या जादा अटी 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना आहेत. वापराचे नियम आणि गोपनीयता धोरण दिसेल असं लावणं, दर तीन महिन्यांनी एकदा तरी लोकांना त्याची आठवण देणं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं, हे लहानांनाही चुकत नाही. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढायला 2021 च्या मूळ नियमांत 36 तास होते. पुढच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळत नेल्या आहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी नियमांचा ताजा मजकूर काढून वाचा.

नियम इंग्रजी सर्व्हरवरून उतरवून घेणं ही माझी स्वतःची चूक. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर आमच्या सर्व्हरवर 'चोर बीटी' या कापूस बियाण्याच्या पाकिटांची जाहिरात आली, फोन नंबरसकट. टाकणारा ओळखीचा. आमच्या नियमांत द्वेष होता, स्पॅम होता. बियाणं कुठेच नव्हतं. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कापसाला देशात मंजुरी नाही, ते विकणं गुन्हा आहे. हे माहीत असून मी ती पोस्ट तीन दिवस राहू दिली, संबंध बिघडतील म्हणून. त्या तीन दिवसांत कोणी ते बी घेतलं असेल, तर त्याला पावतीही मिळाली नसणार आणि उगवण फसली तर दादही नाही. आज आमच्या नियमांत बियाणं, कीटकनाशक, सावकारी आणि लेकरांचे फोटो यांवर एकेक ओळ आहे, सगळी मराठीत. पोस्टींवर लक्ष ठेवणारा मॉडरेटरही बोलीतला हवा. वऱ्हाडीत प्रेमाने दिलेली हाक बाहेरच्याला शिवी वाटते, आणि मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीतला गोंडी मजकूर भाषांतराच्या भरवशावर तपासता येत नाही.

दुसरी गोंधळाची जागा: आदेशाची वाट पाहायची की नाही? सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 च्या श्रेया सिंघल निकालात स्पष्ट केलं की कलम 79 पुरतं 'माहीत असणं' म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना. म्हणून कोणीही दमदाटी केली की पोस्ट काढलीच पाहिजे, असं नाही. पण एखाद्या बाईने स्वतःच्या नग्न किंवा बनावट फोटोची तक्रार केली, तर आदेश लागत नाही. तिच्या तक्रारीपासूनच घड्याळ सुरू होतं. अफवांच्या बाबतीत मी आदेशाची वाट पाहतच नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. अशी पोस्ट दिसली की आधी काढा, मग बोला. स्वतःहून काढल्याने आपण संपादक ठरू आणि संरक्षण जाईल, ही भीती खोटी आहे. नियमांतच तशी सवलत आहे. दुसऱ्याच्या पोस्टचे शब्द बदलणं मात्र टाळा. तिथे तुम्ही मध्यस्थ उरत नाही.

आता सगळ्यात नाजूक बाब. तुमच्या माणसाने परक्या सर्व्हरवरचं खातं फॉलो केलं की तिथल्या पोस्ट आणि फोटोंच्या प्रती तुमच्या डिस्कवर येतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अशा सर्व्हरांवरच्या सुमारे सव्वातीन लाख पोस्ट दोन दिवस तपासल्या. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच नोंद असलेल्या प्रतिमा 112 वेळा सापडल्या. तुमच्याकडे असं काही आलं तर "हे बघा" म्हणत मॉडरेटरांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे. लोकांना दिसणं लगेच बंद करा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्यात कळवणं बंधनकारक आहे. न कळवणंही गुन्हा. फाइलचं काय करायचं ते पोलिसांना विचारूनच ठरवा. पुढे त्या सर्व्हरचा मीडिया (फोटो, व्हिडिओ) नाकारा किंवा त्याच्याशी जोडणीच तोडा. डिस्क भरल्याची बोंब होते तीही बहुधा या बाहेरच्या मीडियामुळेच. या तात्पुरत्या प्रतींची (cache) मुदत सात दिवस ठेवा.

घाबरून सगळं पुसून टाकणं ही उलटी चूक. काढलेल्या मजकुराची नोंद नियमांप्रमाणे 180 दिवस तपासासाठी जपायची असते, आणि मॅस्टोडॉन सस्पेंड केलेल्या खात्याचा डेटा 30 दिवसांनी कायमचा पुसतं. म्हणजे सस्पेंड करण्याआधीच प्रत काढून कुलूपबंद ठेवावी लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉगही 180 दिवस ठेवायचे आणि हॅकिंगसारखा प्रकार घडला तर सहा तासांत कळवायचं.

बॅकअप एन्क्रिप्ट न करता घरच्या लॅपटॉपवर ठेवू नका. मे 2023 मध्ये अमेरिकेत एफबीआयने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या ॲडमिनच्या घरी वेगळ्याच प्रकरणात झडती घेतली, तेव्हा डेटाबेसची उघडी प्रत जप्तीत गेली. खासगी संदेशही त्यात असतात, कारण मॅस्टोडॉनवर ते एन्क्रिप्ट होत नाहीत. लोकांना हे पहिल्याच दिवशी सांगा. पोलीस ठाण्यातून फोन आला म्हणून अख्खा डेटाबेस देऊ नका. लेखी मागणी घ्या, मागितलं तेवढंच द्या, पोच ठेवा.

नोंदणी मंजुरीवरच ठेवा. फेब्रुवारी 2024 च्या स्पॅमच्या लाटेत उघडी नोंदणी असलेले, मालक फिरकत नसलेले लहान सर्व्हरच वापरले गेले. आपल्याकडे पेरणी, वेचणी, लग्नसराई आली की ॲडमिन आठ-आठ दिवस लॅपटॉप उघडत नाही. म्हणून निदान दोघं मॉडरेटर वेगवेगळ्या गावचे हवेत, एकाकडची लाइन गेली तरी दुसऱ्याला तक्रार दिसेल. दोघांचे फोन नंबर, होस्टिंगचा पासवर्ड आणि ठाण्याचा नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. आमचा कागद देवघराच्या बाजूला चिकटवलेला आहे.