नसेभोवती ग्लुकोजचं इंजेक्शन घेताय? या चुका टाळा

"हाताला मुंग्या येतात, रात्री आग होते, एक ग्लुकोज लावा डॉक्टर." सांगली-मिरजेकडच्या दवाखान्यांत ही मागणी नवी नाही. पण शिरेतून चढवलेली बाटली दबलेल्या नसेला (रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू म्हणजे नर्व्ह) काहीही करत नाही. नसेभोवतीचं इंजेक्शन वेगळं असतं. सोनोग्राफीवर नस बघत, तिच्या आत न टोचता, भोवती ५ टक्के ग्लुकोजचं थोडंसं पाणी सोडतात. त्याने चिकटलेल्या ऊती नसेपासून सुट्या होतात. ग्लुकोज स्वतः वेदना शांत करतं का, यावर अजून संशोधन चालू आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निदानाआधी इंजेक्शन. तासगाव भागात द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बाईचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री हात झटकत उठावं लागत असेल, तर मनगटातली नस दबल्याची शक्यता जास्त. करंगळी बधिर असेल तर कोपर तपासायला हवं. मानदुखीसोबत मुंग्या असतील तर मान. दोन्ही तळपाय जळत असतील तर आधी साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा, विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर. आणि कातडीवर बधिर चट्टा असेल, नस जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजू नका. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर हात वाचतो.

नसेभोवतीच्या ग्लुकोजचा चांगला पुरावा आहे तो मनगटातल्या नसेसाठी, तोही त्रास सौम्य ते मध्यम असताना. तैवानमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ५ मिली ग्लुकोजची तुलना सलाइनशी (मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी) केली आणि २०१८ मध्ये स्टिरॉइडशी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ग्लुकोज स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं. पण म्हणून कंबर, गुडघा, टाच सगळ्यावर हेच, असं कुणी सांगत असेल तर जपून.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर इंजेक्शनं घेत महिने घालवू नका. नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी) करा, शल्यचिकित्सकाला दाखवा. दबलेली नस फार काळ तशीच राहिली की ऑपरेशननंतरही ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच उशिराची वाटते.

किती टक्क्यांचं ग्लुकोज, हे विचारा. प्रोलोथेरपीत, म्हणजे अस्थिबंध (लिगामेंट) बळकट व्हावेत म्हणून ग्लुकोज टोचण्याच्या उपचारात, १२.५ ते २५ टक्के वापरतात. नसेशेजारी ५ टक्के.

मधुमेही लोक "साखर वाढेल" म्हणून नाही म्हणतात. ५ मिलीमध्ये ग्लुकोज जेमतेम पाव ग्रॅम, चहातल्या एका चमच्यापेक्षा कितीतरी कमी. उलट स्टिरॉइडच्या इंजेक्शननेच काही दिवस साखर चढू शकते.

सुई टोचताना बोटात विजेसारखी कळ गेली तर सोसत बसू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा, आणि ती आपल्या मनाने बंद करू नका. नंतर जागा लाल होऊन सुजली, ताप आला, तर शेक-लेप न करता परत दाखवा. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मात्र इंजेक्शननंतरही सोडू नका.